हरलेल्या मॅचची दहा वर्षं

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

पत्र लिहिणारे गृहस्थ मूळचे दक्षिण महाराष्ट्रातले. अमेरिकेत चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. नोकरी लागल्यावर जवळच केरी शहरात घर घेतलं. बास्केटबॉलचं वेड त्यांना विद्यापीठात लागलं. 4 एप्रिल 2016 च्या रात्री ह्यूस्टनमध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम मॅच झाली आणि त्यांच्या विद्यापीठाचा संघ विलानोव्हा विद्यापीठाकडून 77-74 असा हरला. निकाल ठरवणारा चेंडू वेळ संपतासंपता बास्केटमध्ये पडला. मॅच त्यांनी मित्राच्या अपार्टमेंटमध्ये बघितली होती आणि तीन वर्षांचा मुलगा मांडीवर झोपला होता. ते लिहितात, "पुढच्याच वर्षी आम्ही जिंकलो. 2022 मध्ये तर 15 गुणांची आघाडी घालवून हरलो, पण तेही एवढं लागलं नाही. ही एक मॅच मात्र मनातून जात नाही. मार्च संपत आला की ग्रुपवर कोणीतरी त्या शेवटच्या शॉटचा व्हिडिओ टाकतं आणि माझी रात्रीची झोप जाते. बायको म्हणते, 'तू काय त्या संघात होतास?' तिचं बरोबरच आहे."

जुने मित्र यंदा 4 एप्रिलला, शनिवारी, एकत्र जमून ती पूर्ण मॅच बघणार आहेत. जावं की नाही, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट येते. गेल्या महिन्यात मुलाच्या लीगमध्ये त्याचा संघ एका गुणाने मागे होता, सेकंद-दोन सेकंद उरले होते आणि त्याला दोन फ्री थ्रो (कोणी आडवं न येता बास्केटमध्ये चेंडू टाकायच्या, एकेका गुणाच्या संधी) मिळाले. दोन्ही हुकले. गाडीत वडील म्हणाले, "दोनातला एक तरी जायला हवा होता. आता हे तुला दहा वर्षं आठवत राहील, मला विचार." त्या दिवसापासून मुलाने चेंडूला हात लावलेला नाही. पुढच्या मोसमाच्या नावनोंदणीची मुदत 31 मार्चला संपते आणि तो "नको" म्हणतोय.

उत्तर

नमस्कार.

मॅचबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि मुलाबद्दल शेवटच्या चार ओळी. तरी पत्र लिहायला तुम्हाला बसवलं ते त्या चार ओळींनी, असं मला वाटतं. सुरुवात मात्र मी मॅचपासूनच करते, कारण गाडीत जे बोललात त्याची मुळं तिथे आहेत.

इतर वाचकांसाठी थोडी माहिती. दर मार्चमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांचे 68 संघ या स्पर्धेत उतरतात. साखळी सामने नसतात, हरला तो घरी. तीन आठवड्यांत दोन संघ उरतात आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या एका सोमवारी रात्री अंतिम मॅच होते. खेळणारी मुलं विद्यापीठात शिकणारी असतात, बहुतेक अठरा ते बावीस-तेवीस वयाची. चार मोसम खेळले की बहुतेकांचं कॉलेजचं खेळणं संपतं. चॅपेल हिल हे विद्यापीठाभोवतीच वाढलेलं गाव. अंतिम मॅच जिंकली की तिथली माणसं हजारोंनी फ्रँकलिन स्ट्रीटवर येतात.

आता तुमची ती रात्र. मध्यंतराला तुमचा संघ 39-34 असा पुढे होता. मग विलानोव्हाने जोर धरला आणि साडेपाच मिनिटांच्या आसपास उरली असताना तुम्ही दहा गुणांनी मागे पडलात. तिथून तुमची मुलं परत आली. शेवटच्या क्षणांत तीन गुण हवे होते. मार्कस पेज उडाला, समोरचा बचावपटू अंगावर आला, पेजने हवेतच चेंडू खाली घेतला, पुन्हा वर नेला आणि फेकला. 74-74. घड्याळात 4.7 सेकंद. विलानोव्हाने टाइमआउट घेतला, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवला. क्रिस जेन्किन्सने चेंडू आत दिला, रायन आर्चिडियाकोनो तो घेऊन धावत निघाला, पुढे जाऊन मागून येणाऱ्या जेन्किन्सकडेच त्याने तो सोपवला. तुमचा आयझेया हिक्स हात उंचावून आडवा आला. चेंडू त्याच्या हातावरून गेला, बझर वाजला आणि चेंडू जाळीतून खाली पडला.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तरी मी ते मांडलं, कारण तुमचा पहिला प्रश्न, ही एकच मॅच का जात नाही, त्याचं उत्तर या क्रमात आहे. 2022 ची मॅच आठवून बघा. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्सासविरुद्ध मध्यंतराला 40-25 अशी आघाडी होती आणि शेवटी 72-69 अशी हार झाली. हिशेब केला तर ती हार जास्त जिव्हारी लागायला हवी. हातात आलेलं जास्त होतं. पण तिथे आघाडी हळूहळू विरत गेली आणि मनाला तेवढ्या वेळात काय होणार ते कळत गेलं. 2016 मध्ये सगळ्यात मोठा आनंद आणि सगळ्यात मोठा धक्का यांच्यामध्ये पाच सेकंदही नव्हते. डॅनिएल काह्नेमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की एखादा अनुभव आपण पूर्ण लांबीचा आठवत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, या दोहोंवरूनच मन त्याचं मोजमाप करतं. तुमच्या बाबतीत हे दोन्ही क्षण एकमेकांना चिकटलेत. आणि दर वर्षी ग्रुपवर येणारा व्हिडिओ नेमका तेवढाच तुकडा पुन्हा दाखवतो. दहा वर्षांत तुम्ही ती मॅच बहुधा एकदाही पूर्ण बघितलेली नाही, फक्त तिचा शेवट बघत आलात.

तेव्हा मन कमकुवत आहे, माझ्यात काही बिघाड आहे, अशी जी शंका तुमच्या पत्रात ओळीओळीतून डोकावते ती सोडून द्या. अशा शेवटाची आठवण कोणाचीही ताजी राहिली असती.

दुसरं गृहीत तुम्ही धरलंय ते असं, की 2017 च्या विजयाने 2016 ची हार पुसली जायला हवी होती. का म्हणून? विद्यापीठ तेच, निळा रंग तोच, रॉय विल्यम्स हेच प्रशिक्षक. पण मार्कस पेज आणि ब्राइस जॉन्सन यांची चार वर्षं 2016 मध्ये संपली होती. ज्याने तो अशक्य शॉट घातला, त्या रात्री 21 गुण केले, त्याची ती कॉलेजातली शेवटची मॅच होती. 2017 च्या अंतिम मॅचमध्ये, ग्लेंडेलला, गोन्झागा विद्यापीठाला 71-65 असं हरवणाऱ्या संघात तो नव्हता. व्यावसायिक खेळात तोच खेळाडू पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी परत येतो. कॉलेजमध्ये हार होते तेव्हा ती ठरावीक मुलं त्या रूपात पुन्हा कधीच एकत्र मैदानावर येत नाहीत. तुम्ही 2017 मध्ये मनापासून नाचला असाल, तो आनंद खरा आहे. तो वेगळ्या मुलांचा आनंद आहे, एवढंच.

आणि तुमचंही तसंच झालं होतं ना? पत्रात एका वाक्यात तुम्ही सांगून गेलात की त्याच उन्हाळ्यात तुमची पीएच.डी. संपली, एक मित्र सिॲटलला गेला, एक पुण्याला परतला. ती मॅच म्हणजे तुम्हा सगळ्यांची एका खोलीतली शेवटची रात्र होती. तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. परक्या देशात सहा वर्षं ज्यांच्यासोबत तुम्ही वांग्याचं भरीत आणि प्रबंधाची प्रकरणं दोन्ही वाटून घेतलीत, ती माणसं पांगली त्याचं दुःख तुम्ही कधी बोलून दाखवलंय? मला वाटतं नाही. ते सगळं त्या एका शॉटच्या खात्यावर जमा होत गेलं.

तुमच्या पत्नींचा प्रश्न मी हलका मानत नाही. त्यांनी रात्री जागणारा नवरा बघितलाय आणि आता गप्प झालेला मुलगा बघताहेत. पण "तू काय त्या संघात होतास?" याचं उत्तर तुम्ही समजता तितकं सरळ नाही. 1976 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत, संघ शनिवारी अमेरिकन फुटबॉलची मॅच जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारी मुलं वाढायची आणि हरला की कमी व्हायची. जिंकणाऱ्याशी नातं सांगायला सगळेच पुढे येतात. तुम्ही लिहिलंय की त्या मंगळवारी सकाळी तुम्ही फिकट निळा टी-शर्ट घालूनच प्रयोगशाळेत गेलात. सांगलीकडून आलेल्या, व्हिसाच्या तारखा मोजत जगणाऱ्या माणसाने हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो रंग अंगावर घातला, याचा अर्थ ते गाव तोवर तुमचं झालं होतं. हे पत्नींना नीट सांगितलंत तर त्या समजून घेतील असं मला वाटतं. त्यांना बास्केटबॉल आवडलंच पाहिजे असं नाही. त्या रात्रीत तुमचं काय होतं, तेवढं त्यांना कळलं तरी पुरे.

आता मात्र मी तुम्हाला थोडं पलीकडे उभं करणार आहे.

तुमच्या विद्यापीठाच्या दोन अतिशय लाडक्या विजयांकडे हरणाऱ्याच्या बाजूने बघा. 1982, न्यू ऑर्लिन्स. तरुण मायकल जॉर्डनने शेवटी घातलेला शॉट तुमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. त्यानंतर काय झालं? 63-62 अशा एका गुणाने मागे असलेल्या जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनकडे चेंडू होता आणि त्याने तो आपला साथीदार समजून तुमच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला. मॅच तिथेच संपली. 1993, पुन्हा न्यू ऑर्लिन्स. मिशिगन 73-71 असं मागे, 11 सेकंद उरलेली. क्रिस वेबरने टाइमआउट मागितला. संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. नियमभंगाचा टेक्निकल फाउल झाला, तुमच्या संघाला फ्री थ्रो मिळाले आणि तुमचे लोक 77-71 ने जिंकले. काही क्षण आधी वेबरने केलेली ट्रॅव्हलिंगची (चेंडू न आपटता पावलं टाकण्याची) चूक पंचांनी धरली नव्हती, हा वाद तुमच्याकडे अजून रंगतो, हेही मला माहीत आहे. पण एवढं बघा की वेबर तेव्हा वीस वर्षांचा होता. त्या मॅचमध्ये त्याने 23 गुण केले होते, 11 रिबाउंड (बास्केट हुकून परत आलेले चेंडू) घेतले होते. ते फार थोड्यांना आठवतं.

आपल्याकडच्या वाचकांना हे सांगायला क्रिकेटचं उदाहरण जवळचं. 18 एप्रिल 1986, शारजा. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला. चेतन शर्माही तेव्हा वीस वर्षांचाच होता. पुढच्याच वर्षी, 1987 च्या विश्वचषकात, नागपूरच्या मैदानावर त्याने न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांचे ओळीने त्रिफळे उडवले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक होती आणि ती आपल्या नागपुरात झाली. तरी त्याचं नाव काढलं की घराघरांत आठवतो तो शारजाचा चेंडू. हे अन्यायाचं आहे आणि तो अन्याय प्रतिस्पर्ध्यांनी केलेला नाही. तो आपण, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनी, आपलं दुःख जपता जपता केलाय.

फ्रेड ब्राउनच्या गोष्टीतला पुढचा भाग तुमच्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो पास चुकल्यानंतर, मॅच संपल्या संपल्या, जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन मैदानावर त्याच्याकडे गेले आणि त्यांनी त्याला मिठीत घेतलं. सहा फूट दहा इंच उंचीचा तो माणूस, नुकतंच राष्ट्रीय विजेतेपद एका चुकीमुळे गेलेलं, समोर हजारो लोक, कॅमेरे. चूक कशी झाली ते बोलायला नंतर वेळ होता. आधी मिठी. दोन वर्षांनी, 1984 मध्ये, जॉर्जटाउनने ह्यूस्टन विद्यापीठाच्या संघाला हरवून विजेतेपद मिळवलं आणि ब्राउन त्या संघात होता. पण थॉम्पसन यांना 1982 मध्ये हे पुढचं माहीत नव्हतं. पुढे जिंकणार आहोत म्हणून त्यांनी त्याला जवळ घेतलं नव्हतं.

तुमच्या मुलाला गाडीत हे हवं होतं. तेरा वर्षांच्या मुलाला आपण दोन फ्री थ्रो चुकवले हे कोणी सांगायची गरज नसते, ते त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. "हे तुला दहा वर्षं आठवत राहील" हे वाक्य तुम्ही त्याला बोललात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर 2016 होतं. त्याला त्यातलं काही माहीत नाही. त्याने ऐकलं ते एवढंच, की बाबा दहा वर्षं हे विसरणार नाहीत. चेंडूला हात न लावणं हा त्याचा त्यावरचा उपाय आहे. तो खेळलाच नाही, तर तुम्हाला आठवण ठेवायला नवीन काही मिळणार नाही.

म्हणून या आठवड्यात त्याच्याशी बोला. थोडकंच बोला. "त्या दिवशी गाडीत मी जे बोललो ते चुकीचं होतं. ते माझ्या जुन्या दुःखाबद्दल होतं, तुझ्या खेळाबद्दल नव्हतं. तू चुकलास तेव्हा मी आधी तुला जवळ घ्यायला हवं होतं." एवढं बस. त्यामागे "पण" जोडू नका. सराव वाढव, पुढच्या वेळी श्वास घे, गुडघे वाकव, हे काही त्या दिवशी नको. तो काहीच बोलला नाही तरी चालेल. मुलं अशा वेळी मोबाइलमध्ये बघत राहतात, पण ऐकतात.

एक मोह तुम्हाला होईल, तो टाळा. तुम्हाला आयझेया हिक्सची गोष्ट सांगावीशी वाटेल. ज्याच्या हातावरून 2016 चा तो शॉट गेला, त्याच हिक्सने 2017 च्या अंतिम मॅचमध्ये साधारण 26 सेकंद उरलेली असताना मोक्याची बास्केट घालून 68-65 अशी आघाडी मिळवून दिली. गोष्ट सुंदर आहे, खरी आहे. पण आत्ता ती सांगितलीत तर मुलाला त्यात एक अट ऐकू येईल, की तूही असं काही करून दाखव म्हणजे हुकलेले दोन फ्री थ्रो माफ. पेजला 2017 मिळालं नाही. म्हणून त्याचं 2016 वाया गेलं का? तो पुढे व्यावसायिक खेळला, युरोपात खेळला आणि 2023 मध्ये चॅपेल हिलला, त्याच संघासोबत काम करायला परत आला. त्या गावाने त्याला कधीही हरलेला खेळाडू मानलेलं नाही. मुलगा पुढे कधी आपणहून विचारेल तेव्हा दोघांच्याही गोष्टी सांगा, दोन्ही एकाच बैठकीत.

आता मित्रांच्या बैठकीबद्दल. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. न जाणं, जाऊन पेजच्या शॉटपर्यंत बघून टीव्ही बंद करणं किंवा पूर्ण मॅच बघणं. दुसरी वाट तुमच्या मित्रांनी सुचवली आहे आणि तुम्हाला ती आवडलेली दिसते. मला ती पटत नाही. शेवट कापून टाकला तर त्या रात्री तुम्ही जे खरोखर एकत्र सोसलं तेच कापलं जाईल आणि घरी जाताना तो न बघितलेला तुकडा तुमच्या डोक्यात एकट्याने फिरत राहील. न जाणं हा पर्यायही खुला आहे. नकाराची कारणं कोणाला द्यावी लागत नाहीत. पण पत्रात तुम्ही मित्रांबद्दल ज्या मायेने लिहिलंय त्यावरून वाटतं की घरी बसलात तर जास्त हळहळाल.

माझं मत, जा आणि पहिल्या मिनिटापासून बघा. त्याआधी घरी एकट्याने पहिला अर्धा भाग बघून ठेवा. दहा वर्षांपूर्वीचा खेळ आता वेगळा दिसेल, त्या 39 गुणांत किती चांगलं बास्केटबॉल होतं ते नव्याने कळेल. तुमचा जोएल बेरी त्या रात्री कसा खेळला ते आठवतं का? मला खात्री आहे की शेवटच्या शॉटखाली ते दबून गेलंय. आणि दहा गुणांची पिछाडी भरून काढतानाची ती चार-पाच मिनिटं तर नक्की बघा. हरलेल्या मॅचमध्येही अभिमान वाटावा असं पुष्कळ असतं, ते बघायला आपण मागे जातच नाही.

सोयीचं म्हणून सांगते. 4 एप्रिलला संध्याकाळी इंडियानापोलिसमध्ये यंदाच्या उपांत्य फेरीच्या मॅच आहेत, तेव्हा तुमचं जमणं सकाळीच ठेवा. तुमच्याकडे 11 वाजलेले असतील तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ होतात, त्यामुळे तिकडचा मित्रही जेवणखाण आटोपून व्हिडिओ कॉलवर बसू शकेल. सिॲटलवाल्याला तेवढं आठ वाजता उठायला लावा. मॅच संपल्यावर लगेच उठू नका. अर्धा-पाऊण तास ठेवा आणि त्या उन्हाळ्याबद्दल बोला. कोण कधी गेलं, विमानतळावर कोण आलं होतं, त्यानंतर कोणी कोणाला किती दिवस फोन केला नाही. मॅचपेक्षा हे बोलणं तुम्हा पाचजणांत जास्त काळ राहून गेलंय.

विलानोव्हाबद्दलचा राग तुमच्या पत्रात अजून आहे. त्यासाठी एक गोष्ट. जेन्किन्स शाळकरी वयात ज्या कुटुंबात राहायला गेला, ज्या आईवडिलांनी त्याचं कायदेशीर पालकत्व घेतलं, त्यांचा मुलगा नेट ब्रिट त्या रात्री तुमच्या संघात होता. दोघं एकमेकांना भाऊ म्हणतात. शॉट घालणारा एक मुलगा, हरणाऱ्या संघात दुसरा, आणि आईवडील प्रेक्षकांत. त्या घराला एकाच क्षणी दोन्ही गोष्टी पेलाव्या लागल्या. पुढच्या वर्षी ब्रिट विजेता झाला तेव्हा त्या घरात दोघांच्या नावावर एकेक विजेतेपद जमा झालं. मित्रांसमोर शेवटचा शॉट बघताना मनात त्या आईला धरून बघा. मला वाटतं तो शॉट थोडा वेगळा दिसेल.

ग्रुपवरच्या व्हिडिओचं साधं आहे. "मला हे बघायला त्रास होतो, टाकू नका" असं एकदा स्पष्ट लिहा. पुरुषांच्या ग्रुपवर हे लिहायला अवघड जातं. लोक चेष्टेवारी नेतील असं वाटतं. पण तुमच्यासारखीच झोप गेलेला आणखी एखादा त्या ग्रुपमध्ये असण्याचा संभव बराच आहे, आणि त्याला हायसं वाटेल.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी इतर वाचकांसाठीही सांगायलाच हवं असं. नॉर्थ कॅरोलायनात मार्च 2024 पासून मोबाइलवरून खेळांवर कायदेशीर पैज लावता येते. जुन्या हारेची भरपाई म्हणून नव्या मॅचवर पैसे लावणारी माणसं असतात, आणि हरली की वीस वर्षांच्या पोरांना समाजमाध्यमांवर शिव्या घालणारीही असतात. तुम्ही यातले नसाल. पण मार्च-एप्रिलमध्ये हात तिकडे वळतोय असं कधी वाटलं तर ते ॲप काढून टाका आणि पत्नींना सांगा. झोप महिनाभर परत आली नाही, किंवा त्या आठवणीसोबत दारू वाढत असेल, तर समुपदेशकाकडे जा. तिथे बास्केटबॉलची मॅच हे कारण सांगायला संकोच करू नका. त्यांनी यापेक्षा लहान दिसणाऱ्या कारणांमागची मोठी दुःखं ऐकलेली असतात.

बैठकीला मुलाला न्यावं का, असं तुम्ही कंसात विचारलंय. तो आपणहून म्हणाला तर न्या, "तुला यातून शिकायला मिळेल" म्हणून नको. आणि तो आला तर त्याच्यासमोर पेज, हिक्स, बेरी यांच्याबद्दल मायेने बोला. चुकलेल्या खेळाडूबद्दल बाबा आणि काका मंडळी कसं बोलतात ते तो कान देऊन ऐकणार आहे, कारण त्याच्याबद्दल तो नसताना काय बोललं जातं याचा अंदाज तो त्यावरून बांधेल.

पण क्रमाने 31 मार्च आधी येतो, तेव्हा सुरुवात तिथून. नावनोंदणीचा फॉर्म तुम्ही भरू नका, त्याच्या हातात द्या. भरलास तर मी सोडायला येईन, नाही भरलास तरी मला चालेल, हे दोन्ही त्याला त्याच आवाजात सांगा. मोसम हुकला तर हुकू दे, काउंटीच्या कोणत्याही पार्कमध्ये बास्केट असते आणि तिथे फॉर्म लागत नाही. आणि त्याने भरला, तर पहिल्या मॅचनंतर गाडीत बसल्यावर विषय त्याला काढू दे. त्याने नाही काढला तर जेवायला कुठे थांबायचं ते विचारा.